युवराज तुमच्या दारी येणार असतील तर

परवा ब्रिटनच्या उत्तरेकडच्या एका शहरातून मैत्रिणीचा फोन आला. बेघर लोकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत ती स्वयंसेवक आहे. आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, कुठे बोलू नका, पण आमच्याकडे प्रिन्स ऑफ वेल्स येण्याचं घाटतंय. काय काय करावं लागतं हो?" तासभर बोललो. फोन ठेवल्यावर वाटलं, हे एकदा नीट लिहूनच ठेवावं. ब्रिटनमध्ये आपली माणसं आता गणपतीच्या मंडळापुरती राहिलेली नाहीत. कुणी शाळेच्या समितीवर आहे, कुणी रुग्णालयाच्या मदतनिधीत, कुणी माझ्यासारखं सार्वजनिक स्वयंपाकघरात. अशी भेट यांच्यापैकी कुणाच्याही वाट्याला येऊ शकते, आणि आली की आधी पोटात गोळाच येतो.

मी मूळची कराडची. इंग्लंडच्या मध्य भागातल्या एका लहान शहरात २७ वर्षं राहते, आणि त्यातली १४ वर्षं आमच्या वस्तीतल्या स्वयंपाकघरात जाते. आठवड्याचे तीन दिवस, दर वेळी साधारण ८० ताटं. जो येईल त्याला गरम जेवण, प्रश्न न विचारता. राजघराण्यातले पाहुणे आमच्याकडे दोनदा येऊन गेले. कोण ते लिहीत नाही, कारण त्यावरून आमची जागा आणि तिथे जेवायला येणारी माणसं ओळखू येतील. पण तयारी कुणासाठीही जवळपास तीच असते. पहिल्या वेळी आमचं बरंच चुकलं, दुसऱ्या वेळी बरंच जमलं.

काय चुकलं ते आधीच सांगते, म्हणजे पुढचं का लिहिलंय ते कळेल. आमच्याकडे एक मावशी आहेत, जळगावकडच्या. मुलाकडे म्हणून आल्या आणि इथेच राहिल्या. पहिल्या भेटीच्या वेळी त्यांना आमच्याकडे भांडी घासायला लागून ११ वर्षं झाली होती. त्या दिवशी पाहुण्यांसमोरच्या रांगेत विश्वस्त होते, विश्वस्तांच्या घरचे होते, देणगीदार होते. मावशी आत होत्या. कुणी त्यांना आत थांबा असं म्हटलं नव्हतं, बाहेर या असंही म्हटलं नव्हतं. बाहेर टाळ्या वाजल्या, गाड्या गेल्या, मी आत आले. मावशींनी विचारलं, "गेले का?" मी हो म्हटलं. त्यांनी परत नळ सोडला.

रांग मीच लावली होती.

पाहुणे कशासाठी येतात, ते आधी समजून घ्या

राजाचं काम कायद्यात आणि रूढीत बरंचसं बांधलेलं आहे. वारसाचं तसं नाही. युवराजांनी रोज काय करावं, हे कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. काही गोष्टी जन्मानं येतात. ८ सप्टेंबर २०२२ ला राणी एलिझाबेथ गेल्या त्या क्षणी आत्ताचे युवराज विल्यम आपोआप ड्यूक ऑफ कॉर्नवॉल झाले. ती जहागीर १३३७ पासून थोरल्या वारसाकडे जाते आणि तिच्या उत्पन्नावरच त्यांचा खर्च चालतो. प्रिन्स ऑफ वेल्स ही युवराजाची पदवी मात्र आपोआप मिळत नाही, राजानं द्यावी लागते. चार्ल्स यांनी दुसऱ्याच दिवशी भाषणात ती जाहीर केली. चार्ल्स स्वतः युवराज असताना १९६९ मध्ये कायर्नारवनच्या किल्ल्यात त्यांचा मोठा समारंभ झाला होता. विल्यम यांच्यासाठी तसा समारंभ झालेला नाही. ६ मे २०२३ च्या राज्याभिषेकात त्यांनी वडिलांसमोर गुडघे टेकून निष्ठेची शपथ घेतली. राजा आजारी असेल किंवा परदेशी असेल तर त्याची काही कामं राज्य-सल्लागार करतात, त्यांतही वारस असतोच. शिवाय पदकं प्रदान करायची, जूनमध्ये राजाच्या वाढदिवसाच्या संचलनात घोड्यावर बसायचं, नोव्हेंबरात स्मृतिस्तंभाला पुष्पचक्र वाहायचं, परदेशी पाहुण्यांना सामोरं जायचं.

ही झाली दरबारी बाजू. ती आपण टीव्हीवर पाहतो. पण राजवाड्याकडून रोजच्या कामांची नोंद प्रसिद्ध होते, तिला कोर्ट सर्क्युलर म्हणतात. तिसऱ्या जॉर्जनं १८०३ मध्ये ती सुरू केली. ती काही आठवडे वाचून पाहा. घोडे आणि मुकुट त्यात क्वचित दिसतात. अमुक शाळा, तमुक रुग्णालय, अग्निशमन केंद्र, निवारा, कारखाना. वारसाचं खरं काम हेच आहे. जायचं, पाहायचं, विचारायचं, ऐकायचं. त्यांच्या हातात तिजोरी नाही, आदेश नाही, राजकारणावर बोलायची मुभा नाही. त्यांच्याकडे आहे ती नजर. ती जिथे वळते तिथे नगरपालिकेची, वर्तमानपत्राची, देणगीदाराची नजर वळते.

म्हणून कळकळीनं सांगते, निवेदन देऊ नका. आपल्याकडे मंत्री आले की हातात निवेदन तयार असतं, ती सवय इथे उपयोगाची नाही. इमारतीचं भाडं, नगरपालिकेचं अनुदान, कुणाचा व्हिसा, यांतलं काहीही युवराज सोडवू शकत नाहीत. कागद पुढे केला की तो बाजूचा माणूस नम्रपणे घेतो आणि तुमच्या वाट्याला आलेल्या दीड मिनिटातला अर्धा वेळ जातो. भाडं वाढलंय हे जरूर सांगा, पण ते तुमच्या कामाच्या गोष्टीत सांगा: भाडं वाढलं म्हणून मंगळवारची ताटं बंद करावी लागली. हे ऐकलेलं लक्षात राहतं.

आपल्या मुलखात वारस येऊन गेल्याच्या खुणा आहेतच. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ ला तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सनं, म्हणजे पुढच्या पंचम जॉर्जनं बसवली. आज ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. १९२१ च्या नोव्हेंबरात त्याचा मुलगा एडवर्ड युवराज म्हणून मुंबईत उतरला, तेव्हा शहरात बहिष्कार होता आणि दंगलही उसळली. त्याच दौऱ्यात तो पुण्यात आला आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या पुढाकारानं उभ्या राहणाऱ्या शिवस्मारकाची कोनशिला त्याच्या हातून बसली. तेव्हा युवराजानं दगडाला थापी लावायची आणि लोकांनी लांबून पाहायचं, असा रिवाज होता. शंभर वर्षांत तो उलटा झालाय. २०१६ च्या एप्रिलमध्ये विल्यम आणि केट मुंबईत आले, तेव्हा ताज हॉटेलमध्ये २६/११ च्या मृतांना वंदन करून ते ओव्हल मैदानावर गेले आणि स्वयंसेवी संस्थांच्या मुलांबरोबर क्रिकेट खेळले. सचिन तेंडुलकर तिथे होते, पण मैदान मुलांचं होतं.

मला मात्र सगळ्यात आवडते ती डबेवाल्यांची गोष्ट. २००३ मध्ये चार्ल्स युवराज असताना चर्चगेटपाशी त्यांना भेटायला गेले, आणि ती भेट डब्यांच्या वेळा सांभाळून ठरली. भेट झाली, डबेही पोचले. पुढे २००५ मध्ये चार्ल्स यांच्या लग्नाचं आमंत्रण डबेवाल्यांना आलं आणि दोघेजण लंडनला जाऊन आले. पाहुण्यांसाठी काम थांबवायचं नाही, पाहुण्यांना चालू काम दाखवायचं. पहिल्या भेटीच्या दिवशी आम्ही जेवण बंद ठेवलं होतं. स्वच्छ ओटे, रिकामी पातेली. पाहण्यासारखं होतं काय तिथे?

बोलावणं कसं पाठवायचं

प्रत्येक जिल्ह्यात राजाचा एक प्रतिनिधी असतो, लॉर्ड-लेफ्टनंट. बिनपगारी पद आहे, वयाच्या ७५ पर्यंत असतं. राजघराण्यातलं कुणीही जिल्ह्यात आलं की स्वागताला तेच उभे असतात. तुमच्या भागातल्या त्यांच्या कार्यालयाला आधी पत्र लिहा. केन्सिंग्टन पॅलेसला थेट लिहिलं तरी चालतं, पण स्थानिक कार्यालयाला तुम्ही ठाऊक असलात तर पुढचं सोपं जातं. त्यांना आधी एखाद्या साध्या दिवशी जेवायला बोलवा. आमच्याकडे ते आले, रांगेत ताट घेऊन उभे राहिले आणि पिठलं-भात जेवून गेले. माझ्या मते आमची भेट तिथेच ठरली.

पत्र एका पानाचं असू द्या. तुम्ही काय करता, किती जणांसाठी, किती वर्षं, आणि आत्ताच भेट का हवी. तारीख एकच देऊ नका, काही महिन्यांचा काळ द्या. वेळापत्रकं फार आधी ठरतात.

युवराजांचे विषय ठरलेले आहेत, ते पाहून लिहा. २००५ मध्ये ते तरुण बेघरांसाठी काम करणाऱ्या सेंटरपॉइंटचे आश्रयदाते झाले, आणि ती त्यांची पहिली संस्था. २०२३ च्या जूनमध्ये त्यांनी होमवर्ड्स नावाचा पाच वर्षांचा कार्यक्रम सुरू केला. बेघरपणा संपवता येतो हे सहा ठिकाणी करून दाखवायचं: शेफील्ड, न्यूपोर्ट, लॅम्बेथ, ॲबर्डीन, उत्तर आयर्लंड आणि बोर्नमथकडचा किनारा. पर्यावरणासाठी अर्थशॉट पुरस्कार आहे, दरवर्षी पाच, प्रत्येकी दहा लाख पौंडांचे. २०२३ मध्ये त्यांतला एक आपल्या महाराष्ट्रात काम करणाऱ्या एस-फोर-एस टेक्नॉलॉजीजला मिळाला. शेतातला माल सडून वाया जाऊ नये म्हणून बायकांच्या हाती सौर वाळवणयंत्रं देण्याचं त्यांचं काम आहे. वायुरुग्णवाहिका आणि आपत्कालीन सेवेतल्या लोकांचं मानसिक आरोग्य हाही त्यांचा जिव्हाळ्याचा विषय, कारण २०१५ ते २०१७ त्यांनी स्वतः वायुरुग्णवाहिकेचं हेलिकॉप्टर चालवलंय. तुमचं काम यांत ओढूनताणून बसवू नका. बसत नसेल तर घराण्यातल्या दुसऱ्या कुणाला बोलवा. राजकन्या ॲन वर्षाला किती कार्यक्रम करतात ते त्याच कोर्ट सर्क्युलरमध्ये दिसेल.

ठरल्यानंतरचे आठवडे

पहिली अट गुप्ततेची. सुरक्षेसाठी भेट आधी जाहीर करत नाहीत. आम्ही स्वयंसेवकांना एवढंच सांगितलं की एक मान्यवर पाहुणे येणार आहेत, घरीही बोलू नका, व्हॉट्सॲपवर तर अजिबातच नको. पोलिसांना प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख द्यावी लागली. आपल्या लोकांची अडचण अशी की पासपोर्टवर एक नाव, घरी दुसरं, आणि सासरचं-माहेरचं वेगळंच. यादी पासपोर्टप्रमाणे करा आणि दोघांनी तपासा. आमच्या एका ताईंचं आडनाव जुळेना म्हणून आदल्या संध्याकाळपर्यंत तगमग चालली होती.

मग राजवाड्याची माणसं आणि पोलीस जागा पाहायला येतात. घड्याळ लावून तुमच्याबरोबर चालतात: दारापासून हॉलपर्यंत किती मिनिटं, कुठे वळायचं, कुठे थांबायचं. त्यांना सगळं खरं दाखवा. गळकं छत लपवू नका, मोडकं कपाट हलवू नका. "हे असंच राहू द्या का?" असं मी विचारलं, तेव्हा त्यांच्यातली एक तरुण मुलगी म्हणाली की आम्हाला असंच हवंय. म्हणून सांगते, रंगकामावर पैसा घालू नका. तो पैसा तांदळात घाला.

औक्षणाचंही त्यांना तेव्हाच विचारा. ओवाळून स्वागत करावं असं आम्हाला मनापासून वाटत होतं. रंगीत तालीम केली, निरांजन लावलं, कापूरही पेटवला, आणि धुराची घंटा वाजून अख्खी इमारत रस्त्यावर आली. मग ताटात हळदकुंकू, अक्षता, सुपारी आणि झेंडूची फुलं ठेवली, ज्योत नाही. कपाळाला बोट लावायचं असेल तर ते आधी कळवावंच लागतं. आम्ही कळवलं, होकार आला.

इथे एक गोष्ट फार जपून करा. आपल्याकडे जेवायला येणारी माणसं देखावा नाहीत. त्यांतलं कुणी मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून लपून राहत असेल, कुणाला आपण असे दिवस काढतो हे गावाकडे कळू द्यायचं नसेल. प्रत्येकाला एकट्याला बाजूला घेऊन विचारा: त्या दिवशी यायचंय का, बोलायचंय का, फोटो चालेल का. नको म्हटलं की कारण विचारू नका. ज्यांना फोटो नको होता त्यांना आम्ही हळदी रंगाची छोटी फीत छातीला लावायला दिली, आणि फीत दिसली की कॅमेरा खाली, हे छायाचित्रकारांना दारातच सांगितलं. सगळ्यांनी पाळलं. ज्यांना यायचंच नव्हतं त्यांचं जेवण आम्ही सकाळी डब्यात भरून दिलं. त्या दिवशी कुणीही उपाशी गेलं नाही, याचा मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त आनंद आहे.

रांग

आता मुख्य गोष्ट. एक तासाची भेट धरली तर चालणं, स्वागत, निरोप वजा जाता ३५-४० मिनिटं उरतात. एका माणसाला दीड मिनिट धरलं तर पंचवीस माणसं. जास्त नाहीच. तेव्हा तुमच्या हातात पंचवीस जागा आहेत असं समजा आणि कागदावर नावं लिहायला बसा.

अध्यक्ष एक. तो दारात स्वागताला असतोच, पुन्हा रांगेत नको. महापौर, पोलीस अधिकारी यांची ओळख लॉर्ड-लेफ्टनंट गाडीपाशीच करून देतात, त्यांचीही चिंता नको. उरलेल्या जागा हातांना द्या, पदांना नको. कणीक मळणारी, भाजी चिरणारा, व्हॅन चालवणारा, पहाटे मंडईतून उरलेली भाजी आणणारा, आणि भांडी घासणारी. देणगीदार नाराज होतील. आमचे झाले. त्यांना दुसऱ्या दिवशी वेगळं चहाला बोलवा, मन लावून आभार माना, पण रांगेतली जागा देऊ नका. विश्वस्तांच्या बैठकीत मी हे बोलले तेव्हा माझा आवाज कापत होता. पण बोलले, आणि दुसऱ्या वेळी रांग मला हवी तशी लागली.

सरळ रेषेत उभं करू नका. चार-पाच जणांचे गट करा, घोड्याच्या नालेसारखे अर्धगोल, आणि प्रत्येक गट आपापल्या कामापाशी. पोळ्यांचा गट तव्यापाशी, व्हॅनचा गट मागच्या दारात. हातात काम असलं की माणूस गडबडत नाही. प्रत्येक गटाला एक जण नेमा, ज्यानं नाव सांगून ओळख करून द्यायची आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं, त्याचा सराव घ्या.

काय बोलायचं ते पाठ करून घेऊ नका. आमच्याकडे एका मुलानं इंग्रजीत परिच्छेद पाठ केला होता. प्रश्न वेगळा आला आणि तो बिचारा कोरा झाला. प्रत्येकाला एकच विचारा: "तुमच्या कामातली एक अशी गोष्ट सांगा, जी बाहेरच्याला ठाऊक नसेल." ती सापडेपर्यंत त्याच्याशी गप्पा मारा. सापडली की पुरे. व्हॅनवाल्याची गोष्ट होती की डिसेंबरात पहाटे चार वाजता कोबी इतका गार असतो की हातमोज्यातूनही बोटं बधिर होतात. पोळ्या करणाऱ्या ताईंची गोष्ट होती की एक आजोबा रोज दोन पोळ्या खातात आणि तिसरी खिशात घालतात, म्हणून त्या तिसरी आधीच कागदात गुंडाळून ठेवतात.

इंग्रजी येत नसेल तर? मावशींना येत नाही. त्यांनी मराठीतच बोलावं असं ठरवलं, आणि मी त्यांच्या मागे अर्धं पाऊल उभी राहिले. दुभाष्यानं बरोबरीनं उभं राहायचं नाही, नाहीतर पाहुणे त्याच्याकडेच बघत बोलतात. दुसऱ्या भेटीत पाहुणे मोरीपाशी आले. मावशींच्या हाताखाली भाताचं मोठं पातेलं होतं, तळ करपलेला. पाहुण्यांनी विचारलं, हे कसं निघतं. मावशी म्हणाल्या, "खरवडायचं नाही. पाणी आन् सोडा घालून उकळी काढायची, मंग त्याला इसरून जायचं. सकाळी आपोआप सुटतं." मी इंग्रजीत सांगितलं. पाहुण्यांनी बाही मागे सारली आणि तळाला हात लावून पाहिला. मग मावशींनी विचारलं, "तुमच्याकडं कोण घासतं?" मी तेही जसंच्या तसं सांगितलं. उत्तर काय आलं ते मावशींचं आहे, मी लिहिणार नाही. त्या दोन मिनिटं बोलत होत्या. ठरलेल्या वेळापेक्षा अर्धा मिनिट जास्त, आणि घड्याळवाल्या मुलीनं काही म्हटलं नाही.

रीतभात, थोडक्यात

सक्तीचा कुठलाच नियम नाही, हे राजवाडाच सांगतो. पुरुषांनी मान किंचित झुकवावी, बायकांनी गुडघा किंचित वाकवावा, हा जुना रिवाज. नको असेल तर साधं हस्तांदोलन. हात आधी त्यांनी पुढे करावा, एवढं पाळा. नमस्कार उत्तम, तो सगळ्यांना कळतो. पाया पडू नका, आणि लहान मुलांनाही ते आधी सांगा; आपल्या मुलांना वाकायची सवय असते आणि पाहुणे दचकतात.

पहिल्यांदा 'युअर रॉयल हायनेस', त्यानंतर 'सर'. राजकन्या असतील तर नंतर 'मॅम', उच्चार 'जॅम'सारखा. घरच्यांच्या भांडणांबद्दल, वर्तमानपत्रात आलेल्या गोष्टींबद्दल, निवडणुकीबद्दल विचारू नका. सही मागू नका, ते देत नाहीत. अभिप्रायाच्या वहीत मात्र नाव लिहितात, तेव्हा चांगली वही आणि चालणारं पेन ठेवा, आणि ते पेन सकाळी घासून बघा.

भेटवस्तू लहान आणि हातची असावी. महागडी दिली तर त्यांना अडचण होते. आम्ही एका बाटलीत घरचा गोडा मसाला दिला, वर घटक लिहिलेली चिठ्ठी.

झेंडा लावणार असाल तर युनियन जॅक उलटा लागत नाही ना, ते बघा. तो दोन्हीकडून सारखा दिसतो पण सारखा नसतो. काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात तिरप्या पट्ट्यातला रुंद पांढरा भाग लाल पट्ट्याच्या वर यायला हवा. आमचा पहिल्या वेळी उलटा होता, आणि निवृत्त सैनिक असलेल्या एका गृहस्थांनी शिडी आणून स्वतः बदलला.

पाटीबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण त्यात पैसे जातात. पडदा बाजूला करून पाटीचं अनावरण असेल तर मजकूर आधी राजवाड्याला पाठवून मंजूर करून घ्या. पदवी जागेनुसार बदलते. स्कॉटलंडमध्ये युवराज हे ड्यूक ऑफ रॉथसे असतात. तिथल्या पाटीवर प्रिन्स ऑफ वेल्स कोरलंत तर चूक. वेल्समध्ये असाल तर वेल्श मजकूरही हवाच. आणि तारीख सगळ्यात शेवटी कोरा. आमची पहिली भेट ऐन वेळी तीन आठवडे पुढे गेली, आणि पितळी पाटीवर तारीख कोरून झाली होती. १४० पौंड वाया गेले. एवढ्यात आमचे दोन दिवस निघाले असते. आता आम्ही तारखेची पट्टी वेगळी करतो, दोन स्क्रूंनी बसणारी. पडद्याची दोरी दहा वेळा ओढून बघा. रेशमी गोंडा दिसायला छान असतो, पण गाठ कडीत अडकते. साधी सुती दोरी बरी.

पाहुणे गेल्यावर

सगळे बाहेर हात हलवत उभे राहतात आणि आत पोळी करपते. दोघांना आत नेमून ठेवा. जेवण वेळेवर वाढा. जेवायला आलेल्यांना त्या दिवशी गोड द्या. आम्ही शिरा केला होता.

पत्रकार येतील तेव्हा त्यांना अध्यक्षांकडे नेऊ नका, कामाकडे न्या. भेटीनंतरच्या आठवड्यात लोकांना तुमचं नाव आठवत असतं, तेवढ्यात स्वयंसेवकांची नोंदणी ठेवा. आमच्याकडे नऊ नवी माणसं आली, त्यांतली चार अजून येतात. भांडी घासायला दोघंजण आले, तेव्हापासून मावशी बुधवारची सुट्टी घेतात.

आठवड्याच्या आत आभाराचं पत्र पाठवा, आणि त्यात रांगेतल्या लोकांची नावं, ज्यांची हरकत नाही त्यांची, लिहा. दुसऱ्या दिवशीची कोर्ट सर्क्युलरची ओळ कापून ठेवा. संस्थेचं नाव त्यात येतं. राजवाड्याकडून उत्तराचं पत्र येतं. आलं की त्याच्या रंगीत प्रती काढा आणि रांगेत उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला एकेक द्या. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांच्यासाठी खाली मराठीत लिहून द्या. मूळ पत्र कार्यालयात लावू नका, मोरीच्या वरच्या भिंतीवर लावा. वाफ धरते, म्हणून चौकटीच्या मागून चिकटपट्टी सगळीकडून नीट दाबून घ्या.